पार्लरमध्ये चिमटे किती असावेत

सांगलीत विश्रामबागेत स्वतःचे पार्लर सुरू करण्यापूर्वी मी बरीच वर्षे दुसऱ्यांच्या पार्लरमध्ये काम केले होते, त्यामुळे आमच्या धंद्यात स्वच्छतेच्या नावाखाली काय चालते हे मी जवळून पाहिले होते. एकीच्या भुवया झाल्या की चिमटा कापसाने पुसून दुसरीसाठी उचलायचा, सगळे कंगवे अँटिसेप्टिकच्या पांढुरक्या पाण्याच्या एकाच बरणीत दिवसभर बुडवून ठेवायचे, पेडिक्युअरचा टब विसळून लगेच पुन्हा भरायचा, हे सर्रास होत असे आणि त्यात कोणाचाही वाईट हेतू नसे. मी जिथे शिकले त्या क्लासमध्ये फेशियलच्या मसाजाला कित्येक आठवडे दिले गेले होते आणि निर्जंतुकीकरण एका दुपारी उरकले होते. स्वतःच्या गाळ्याचे भाडे ठरले तेव्हा मी नक्की केले की एका ग्राहकाच्या अंगावरचे काहीही माझ्या हातून किंवा माझ्या साहित्यातून दुसऱ्या ग्राहकाच्या अंगावर जाता कामा नये, आणि हे कसे साधायचे ते पार्लर उघडण्याआधीच शिकून घ्यायचे. ते शिकणे आणि पुढे लग्नसराईच्या गर्दीत ते टिकवणे, या दोन्हींचा अनुभव येथे लिहीत आहे. लहान पार्लर चालवणाऱ्या आणि तिथे हाताखाली काम करणाऱ्या मुलींच्या तो उपयोगी पडावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सांगलीकराला असे काही शिकायचे असेल तर मिरज हाकेच्या अंतरावर आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये तिथे रुग्णालय उभे केले तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाते, आणि ऑपरेशन थिएटरमध्ये उभी हयात घालवलेल्या परिचारिका तिथे सहज भेटतात. माझ्या आईच्या ओळखीतल्या अशाच एका निवृत्त सिस्टरांकडे मी गेले. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले, “तुझी सगळी अवजारं पिशवीत घालून आण. एकही घरी ठेवू नकोस.” त्याप्रमाणे मी सगळे नेले. त्यांनी व्हरांड्यात जुनी चादर अंथरली, एकेक वस्तू माझ्यासमोर धरली आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न विचारला, “हे कुठं लागतं? नुसतं अखंड कातडीला, की रक्त येऊ शकेल अशा जागी?”

ही वर्गवारी मुळात अमेरिकेतील अर्ल स्पॉल्डिंग यांनी विसाव्या शतकात रुग्णालयांसाठी मांडली. शरीराच्या आत किंवा रक्ताशी संबंध येणारे साहित्य पूर्ण निर्जंतुक हवे, तोंड-नाकाच्या आतल्या नाजूक अंतस्त्वचेला लागणाऱ्या साहित्याचे उच्च पातळीचे जंतुनाशन हवे, आणि फक्त अखंड त्वचेला लागणारे साहित्य धुऊन साध्या जंतुनाशकाने पुसले तरी चालते, असा तिचा गाभा आहे. सिस्टरांनी ती पार्लरच्या मापाने बेतून दिली. ब्लॅकहेड काढण्याची सुई, क्युटिकल निपर (नखाच्या कडेची कातडी कापण्याची पक्कड), ती कातडी मागे सारण्याचा पुशर आणि चिमटा एका ढिगात गेले. चिमट्याबद्दल मी हरकत घेतली, कारण तो तर केस उपटतो, कातडी कापत नाही. त्यावर त्यांनी हनुवटीवरचा राठ केस मुळासकट निघताना मागे राहणाऱ्या लाल ठिपक्याची आठवण करून दिली आणि चिमटा त्याच ढिगात ठेवला. कंगवे, ब्रश, वाट्या आणि केस कापण्याची कात्री दुसऱ्या ढिगात गेली. तिसऱ्या ढिगात नखांच्या कागदी फाइली, बफर, प्यूमिस दगड, स्पंज, लाकडी काड्या आणि वॅक्सच्या लाकडी पट्ट्या जमल्या, आणि हा ढीग एका ग्राहकापुरता वापरून टाकून द्यायचा होता. सच्छिद्र वस्तूच्या आत जंतुनाशक नीट पोहोचत नाही, हे सांगलीकरांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. २०१९ च्या महापुरानंतर गावभागातल्या घराघरांतून गाद्या, फोमच्या खुर्च्या आणि फुगलेली लाकडी कपाटे रस्त्यावर टाकावी लागली, आणि स्टीलची भांडी व काचेचे सामान मात्र धुऊन पुन्हा वापरात आले, हे आम्ही सर्वांनी पाहिले आहे.

या सगळ्या काटेकोरपणाच्या मुळाशी मुख्यतः एक विषाणू आहे, आणि तो म्हणजे हिपॅटायटिस बी, अर्थात ब प्रकारची कावीळ. एचआयव्हीचे नाव काढले की सगळे दचकतात, पण तो शरीराबाहेर फार तग धरत नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू मात्र कोरड्या पृष्ठभागावर किमान सात दिवस संसर्ग करण्याच्या अवस्थेत राहू शकतो, आणि त्यासाठी डोळ्यांना दिसेल इतके रक्तही लागत नाही. मंगळवारी कोणाच्या क्युटिकलला लागलेला निपर नुसता पुसून ड्रॉवरमध्ये ठेवला, तर शनिवारी तो दुसऱ्या कोणासाठी बाहेर काढताना धोका तसाच शिल्लक असू शकतो. हे ऐकल्यापासून ‘चकचकीत दिसतोय’ या शब्दांवर माझा भरवसा राहिला नाही.

त्यानंतर सिस्टरांनी विचारले, “चिमटे किती आहेत तुझ्याकडं?” मी म्हणाले, दोन. “मग मी कितीही शिकवलं तरी तू ते करू शकणार नाहीस,” असे त्या म्हणाल्या, आणि या अनुभवातली माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. थिएटरमध्ये रुग्ण टेबलावर असताना कोणी अवजारे धूत बसत नाही, कारण तयार संच आधीच मोजून ठेवलेले असतात. पार्लरमध्ये मात्र खुर्चीवर ग्राहक बसलेली, बाकावर आणखी तिघी थांबलेल्या आणि हातात दोनच चिमटे, अशा वेळी कितीही प्रामाणिक मुलगी असली तरी ती चिमटा कापसाने पुसूनच पुढे जाणार. वापरलेले साहित्य धुणे, निर्जंतुक करणे, वाळवणे आणि थंड होऊ देणे या फेरीला दीड तास तरी लागतो. म्हणून लग्नसराईतल्या शनिवारी भुवयांसाठी आणि अपरलिपसाठी किती ग्राहक येतात याचा अंदाज घेऊन मी दिवसाच्या ग्राहकांइतके आणि वर थोडे जास्त असे तीस चिमटे घेतले. निपर आणि पुशर त्या मानाने कमी लागतात. ही खरेदी मिरजेतल्या सर्जिकल साहित्याच्या दुकानातून केली, कारण तिथे चांगल्या स्टेनलेस स्टीलचे साहित्य मिळते. स्वस्तातले मुलामा दिलेले चिमटे वाफेत गंजतात. या खर्चामुळे हायड्रॉलिक खुर्ची पुढच्या वर्षावर गेली आणि मला त्याचे अजिबात वाईट वाटले नाही. आता धुण्याची फेरी दिवसातून दोनदाच होते, दुपारी जेवणाच्या वेळेस आणि रात्री पार्लर बंद करताना, आणि दोन ग्राहकांच्या मध्ये धुण्याची घाई कोणावरही येत नाही.

धुण्याचा क्रम मी मुलींना इतका घोकायला लावला आहे की तो त्यांच्या हाताला सवयीचा झाला आहे. वापरलेला चिमटा ट्रॉलीवर परत जात नाही, तो झाकण असलेल्या स्टीलच्या डब्यात साबणाच्या पाण्यात पडतो, कारण रक्त किंवा मलम वाळले की घासूनही निघत नाही. मग जाड रबरी हातमोजे घालून, ब्रशने, आणि वस्तू पाण्याखाली धरून घासायची. पाण्याच्या वर घासले तर शिंतोडे तोंडावर उडतात. बिजागरी असलेले निपर उघडून घासायचे. ही पायरी सर्वांत कंटाळवाणी आहे आणि मुली तीच टाळू पाहतात, पण मळ, तेल किंवा रक्ताचा थर राहिला तर जंतुनाशकाची ताकद त्या थरावरच खर्च होते आणि खालचे जंतू सुखरूप राहतात. अँटिसेप्टिकच्या बरणीचा मुख्य दोष हाच आहे. ती औषधे माणसाच्या त्वचेसाठी बनवलेली असतात, त्यातले प्रमाण कोणी मोजत नाही, आणि केस व कोंडा पडलेले तेच पाणी संध्याकाळपर्यंत वापरले जाते.

कंगवे, वाट्या आणि प्लास्टिकच्या इतर साहित्यासाठी मी सोडियम हायपोक्लोराइट वापरते, ज्याला दवाखान्यात नुसते ‘हायपो’ म्हणतात. बाटलीवर टक्केवारी पाहिल्याशिवाय पाणी मिसळायचे नाही, हा पहिला नियम. पाच टक्क्यांचे द्रावण असेल तर एक भाग हायपो आणि नऊ भाग पाणी घेतले की अर्धा टक्का होतो, आणि एक भागाला चार भाग पाणी घेतले की एक टक्का होतो. रोजच्या धुतलेल्या कंगव्यांना मी अर्धा टक्का वापरते, फरशीवर किंवा खुर्चीवर रक्त सांडले तर एक टक्का. वस्तू पूर्ण बुडालेली असावी, किमान दहा मिनिटे तशीच राहावी आणि नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवावी. हे द्रावण उजेडाने आणि उष्णतेने कमजोर होते, म्हणून ते रोज सकाळी ताजे करायचे आणि रात्री ओतून द्यायचे. एप्रिल-मेच्या सांगलीच्या उन्हाळ्यात तर बाटलीसुद्धा खिडकीपाशी ठेवू नये. संडास धुण्याचे आम्ल आणि हायपो कधीही एकत्र येऊ देऊ नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. आमच्याकडे या दोन बाटल्या वेगळ्या कपाटांत असतात आणि सफाईला येणाऱ्या मावशींना मी हे स्वतः, प्रत्यक्ष बाटल्या दाखवून, समजावले आहे. धातू मात्र हायपोत गंजतो. कात्रीची पाती धुतल्यावर सत्तर टक्के अल्कोहोलने ओली करून आपोआप वाळू द्यायची. नव्याण्णव टक्क्यांचे अधिक चांगले असेल असा मुलींचा समज होता, पण जंतूंमधली प्रथिने मोडायला थोडे पाणी लागते, म्हणून सत्तरच अधिक उपयोगी पडते. अल्कोहोल पेट घेते, तेव्हा वॅक्सच्या हीटरजवळ ही बाटली आणायची नाही.

चिमटे आणि निपर यांच्यासाठी मी लहान ऑटोक्लेव्ह घेतला. तो चालतो प्रेशर कुकरच्याच तत्त्वावर. दाब वाढला की पाण्याची वाफ शंभर अंशांच्या वर जाते, आणि पंधरा पौंड दाबाला १२१ अंश सेल्सियस तापमान मिळते. त्या तापमानाला किमान पंधरा मिनिटे लागतात. साहित्य पाकिटात असल्यामुळे मी तीस मिनिटे ठेवते आणि वेळ दाब पूर्ण चढल्यावर मोजते. सिस्टरांनी एक बारकावा शिकवला तो पुस्तिकेत वाचून कळला नसता: सुरुवातीला तोटी उघडी ठेवून आतली हवा पूर्ण बाहेर जाऊ द्यायची, कारण हवा अडकली तर काटा दाब दाखवतो पण तापमान तितके चढत नाही. साहित्य कागद-प्लास्टिकच्या पाकिटात, निपर उघडे ठेवून आणि दाटीवाटी न करता घालायचे. पाकिटावरची खूण रंग बदलते, पण त्यावरून ते पाकीट वाफेच्या उष्णतेतून गेले एवढेच कळते, म्हणून वेळ आणि दाब वहीत लिहिणे आम्ही सोडलेले नाही. ओले पाकीट कपाटात ठेवायचे नाही, कारण ओल्या कागदातून जंतू आत शिरतात. ज्यांना ऑटोक्लेव्ह परवडत नाही त्यांना सिस्टर उकळत्या पाण्यात वीस मिनिटे ठेवण्याचा पर्याय सांगतात. त्याने बहुतेक जंतू आणि विषाणू मरतात, काही जिवाणूंचे बीजाणू मात्र टिकतात, हे माहीत असू द्यावे. निळ्या दिव्याचे यूव्ही कपाट पुष्कळ पार्लरमध्ये दर्शनी ठेवलेले असते. त्याचा प्रकाश जिथे थेट पडतो तेवढ्याच पृष्ठभागावर काम करतो. चिमट्याची आतली बाजू आणि बिजागरी सावलीत राहतात. आधीच निर्जंतुक केलेले साहित्य ठेवण्यापुरतेच ते ठीक आहे.

साहित्याची घडी लवकर बसली. खरा वेळ गेला तो थ्रेडिंगला.

आपल्याकडे बहुतेक जणी दोऱ्याचे एक टोक दातांत धरून थ्रेडिंग करतात. मीही तसेच शिकले, आणि त्या पद्धतीत हात चांगला बसतो हे खरे आहे. पण तोंडातला ओला दोरा पुढे सरकत ग्राहकाच्या ज्या त्वचेवर फिरतो, तिच्यावर त्याच क्षणी केस उपटल्यामुळे बारीक छिद्रे पडलेली असतात. थ्रेडिंगनंतर भुवईच्या रेषेत चामखिळी उठल्याची आणि मोलस्कम नावाचे विषाणूजन्य पुरळ आल्याची उदाहरणे त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवलेली आहेत. शिवाय दोरा दातांत असताना मास्क लावता येत नाही आणि ग्राहकाचा चेहरा आपल्यापासून वीतभर अंतरावर असतो. दोरा गळ्यात अडकवून करण्याची पद्धत मी कोल्हापुरात एकीकडे पाहिली होती, तीच बसवायचे ठरवले. नुसता दोरा मानेवर काचतो, म्हणून शिंप्याकडून मऊ सुती कापडाची पट्टी शिवून घेतली, तिला पुढे एक मोठे बटण लावले आणि दोऱ्याचे टोक त्या बटणाला गुंडाळले. दातांत धरलेला दोरा जबड्याच्या नकळत होणाऱ्या हालचालीने सैल-घट्ट होतो, आणि गळ्यातल्या दोऱ्याचा ताण मात्र मान आणि खांदा किंचित मागे नेऊन द्यावा लागतो. सुरुवातीला भुवईची खालची कड सरळ येईना. मी आणि माझ्याकडच्या मुली संध्याकाळी एकमेकींच्या हातांवरचे केस काढून सराव करत होतो, नंतर घरातल्या बायकांच्या भुवया केल्या, आणि हात बसल्यावरच ग्राहकांवर ही पद्धत सुरू केली. ती पट्टी रोज धुतली जाते. प्रत्येक ग्राहकाला नवा दोरा, आणि रीळ झाकणाच्या डब्यात.

या कामात आणखी एक हात असतो, तो ग्राहकाचा. “ताण द्या” म्हटले की ती स्वतःच्या बोटांनी पापणी आणि कपाळ ओढून धरते, आणि तीच बोटे नुकतीच स्कूटीच्या हँडलवर, पैशांवर आणि मोबाइलवर फिरलेली असतात. म्हणून आता ग्राहकाला खुर्चीवर बसण्याआधी बेसिनपाशी साबणाने हात धुवायला सांगतो. सॅनिटायझर डोळ्याजवळ झोंबतो, त्यामुळे तिथे साबणच बरा. पावडरचा एकच पफ सगळ्यांच्या चेहऱ्यावर फिरवणेही बंद केले. पावडर कापसावर ओतून घेतो आणि तो कापूस टाकून देतो.

वॅक्समध्ये नियम एकच, पण तो पाळायला कठीण आहे. त्वचेला लागलेली लाकडी पट्टी पुन्हा वॅक्सच्या डब्यात बुडवायची नाही. वॅक्स गरम असल्यामुळे जंतू मरत असतील असे अनेकींना वाटते, पण त्वचेला सोसेल इतक्या तापमानाला ते मरत नाहीत. पूर्ण हातापायांच्या वॅक्सला ढीगभर पट्ट्या लागतात, म्हणून आम्ही लागणारे वॅक्स आधी त्या ग्राहकाच्या वेगळ्या लहान वाटीत काढून घेतो आणि उरलेले फेकतो. वाया जाते, हे मान्य आहे. बगल आणि बिकिनी वॅक्सला हातमोजे सक्तीचे आहेत.

पेडिक्युअरबद्दल मी अधिक कडक आहे आणि त्याला कारण आहे. २००० साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात वॉटसनव्हिल येथे एकाच नेल सलूनच्या शंभरहून अधिक ग्राहकांच्या पायांवर न भरणारी गळवे उठली. तपासात पाणी फिरवणाऱ्या टबांच्या जाळीमागे केसांचा आणि कातडीचा साचलेला थर सापडला, आणि त्यात मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम हा जिवाणू वाढत होता. ज्यांनी पेडिक्युअरला जाण्याआधी पायांवर रेझर फिरवला होता त्यांना धोका जास्त होता. हे कळल्यावर मी बुडबुड्यांचा टब घेण्याचा विचार सोडला आणि कोठेही नळी, जाळी किंवा सांधा नसलेली साधी घमेली घेतली. प्रत्येक वापरानंतर घमेले साबणाने घासायचे, अर्धा टक्का हायपोने भरून दहा मिनिटे ठेवायचे, धुवायचे आणि पालथे घालायचे. घमेली पुरेशी असल्यामुळे ग्राहकाला थांबावे लागत नाही. कामाचा क्रमही बदलला. एकाच दिवशी दोन्ही करायचे असेल तर पूर्वी वॅक्स आधी आणि पेडिक्युअर नंतर होत असे, आता पेडिक्युअर आधी होते, म्हणजे केस उपटलेली त्वचा पाण्यात बुडत नाही. टाचांच्या भेगांवर आणि कुरूपांवर आम्ही ब्लेड चालवत नाही, आणि मधुमेह असलेल्या ग्राहकाच्या बाबतीत तर मुळीच नाही, कारण पायाची संवेदना कमी झालेली असली तर जखम झाल्याचे त्यांना कळतही नाही.

टॉवेलांच्या बाबतीत पुन्हा संख्याच महत्त्वाची ठरली. मी सगळे पांढरे घेतले, कारण पांढऱ्यावर काहीच लपत नाही. नवरी हळद उतरल्यावर लगेच मेकअपला येते तेव्हा टॉवेल पिवळा होतो, साबण लागला की ती हळद लालसर दिसते आणि नव्या मुलीला रक्ताचा डाग वाटतो. उन्हात दोन वेळा घातला की तो डाग फिकट होत जातो, रक्ताचा तसा जात नाही. टॉवेल साठ अंशांच्या गरम पाण्यात, डिटर्जंटने, घरच्या कपड्यांपासून वेगळे धुतले जातात. पावसाळ्यात कृष्णाकाठची हवा इतकी दमट असते की टॉवेल वाळता वाळत नाहीत, आणि दमट टॉवेल बुरशीला चांगलाच मानवतो. त्या महिन्यांत पंख्याखाली वाळवून वर कडक इस्त्री करतो, आणि पायांसाठी कागदी टॉवेल वापरतो.

गजकर्णाचा त्रास गेल्या काही वर्षांत फार चिवट झाला आहे, आणि दुकानातून स्वतःच्या मनाने आणलेली स्टेरॉईड मिसळलेली मलमे लावून तो आणखी पसरतो. असा चट्टा दिसला, डोळे आलेले असले, ओठाच्या कडेला पाणीदार फोड असले किंवा डोक्यात उवा असल्या तर ग्राहकाला परत पाठवण्याची वेळ येते, आणि त्यासाठी योग्य शब्द सापडणे मला कोणत्याही द्रावणापेक्षा अवघड गेले. एका जुन्या ओळखीच्या काकूंच्या मानेवर चट्टे होते. मी त्यांना आत नेऊन सांगितले, “काकू, हे आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. बरं झालं की मी स्वतः तुमचं वॅक्स करीन. आज केलं तर तुमच्याच अंगावर पसरेल.” त्या म्हणाल्या, “इतकी वर्षं कुणीच कसं बोललं नाही गं?” आणि थोड्या रागानेच गेल्या. काही आठवड्यांनी त्या परत आल्या. दुसऱ्या एक ताई मात्र आल्या नाहीत. तरीही चारचौघींसमोर न बोलणे, ग्राहकाचे स्वतःचे नुकसान आधी सांगणे आणि पुन्हा येण्याचा रस्ता मोकळा ठेवणे, ही पद्धत मी मुलींना शिकवली आहे. उवांचा कंगवा आम्ही साबणाने धुऊन चांगल्या गरम पाण्यात, म्हणजे ५५ अंशांच्या वर, दहा मिनिटे ठेवतो.

हात धुणे साधे वाटते, पण साबणाने चाळीस ते साठ सेकंद चोळायचे म्हटले की ते किती लांब वाटते हे घड्याळ लावून पाहावे. नखे कापलेली, अंगठ्या काढलेल्या, बांगड्या कमीत कमी, असा नियम केला. माझ्याकडच्या एका मुलीचे नुकतेच लग्न झाले होते. तिने हिरवा चुडा उतरवावा असे मी सांगणार नव्हते, म्हणून चुडा असेपर्यंत तिला केसांच्या कामावर ठेवले.

ग्राहकांइतकीच काळजी काम करणाऱ्या मुलींची घ्यायला हवी, आणि या बाबतीत आमच्या क्षेत्रात फारच उदासीनता आहे, याचे मला मनापासून दुःख होते. हिपॅटायटिस बीची लस आता बाळांना सरकारी लसीकरणात मिळते, पण ती देशभर पोहोचली २०११ च्या सुमारास, म्हणजे आज कामावर येणाऱ्या बहुतेक मुलींना लहानपणी ती मिळालेली नसते. मोठ्यांना तीन डोस लागतात: पहिला, महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. मी स्वतः घेतले आणि मुलींचा खर्च पार्लरने केला. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्ततपासणी केली तर प्रतिपिंडांचे (अँटिबॉडींचे) प्रमाण दहा mIU/mL किंवा त्याहून अधिक आले पाहिजे. मुलींच्या घरच्यांना पटवणे सोपे नव्हते. एकीच्या आईला वाटले की मुलीला काही आजार झाला आहे आणि आम्ही लपवतो आहोत. शेवटी सिस्टर स्वतः तिच्या घरी जाऊन बोलल्या. हिपॅटायटिस सीवर लस नाही, म्हणून लस घेतली तरी हातमोजे सुटत नाहीत. भिंतीवर कागद लावून ठेवला आहे: सुई किंवा ब्लेड लागले तर जखम न पिळता वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची, मला सांगायचे आणि ताबडतोब सिव्हिलमध्ये जायचे, कारण एचआयव्हीचा प्रतिबंधक उपचार जितका लवकर तितका चांगला, आणि ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. अशी वेळ आली तर सोबत मी जाणार, हेही त्याच कागदावर लिहिले आहे.

नवरीच्या मेकअपमध्ये लिपस्टिक थेट ओठाला न लावता पट्टीने पॅलेटवर काढून ब्रशने लावणे, मस्काऱ्याची कांडी एकदाच वापरून टाकणे आणि काजळ पेन्सिल दरवेळी सोलणे, एवढे केले तरी बरेच साधते. लग्नघरी जाताना वापरलेल्या ब्रशांसाठी वेगळी, लाल रंगाची पिशवी नेतो. ती घरी उघडायची नाही, पार्लरमध्येच उघडायची.

ब्लेड आणि सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत टाकतो. बरणी तीन चतुर्थांश भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून, वर लिहून, घंटागाडीवरच्या भाऊंच्या हातात सांगून देतो, कारण ओल्या कचऱ्यात लपलेले ब्लेड आधी त्यांच्याच हाताला लागते.

या सगळ्याचा खर्च दरांत आला आहे. पेडिक्युअर आणि वॅक्सचे माझे दर आसपासच्या पार्लरपेक्षा थोडे जास्त आहेत, आणि दरपत्रकाच्या खाली त्याचे कारण लिहिले आहे: नवी फाइल, नवा दोरा, वेगळी वाटी आणि बंद पाकिटातले साहित्य. ग्राहक बसल्यावर पाकीट तिच्यासमोर फोडायचे, हा नियम आहे. पाकीट फोडलेले दिसले नाही तर काही ग्राहक आता स्वतःच विचारतात, आणि घासाघीस करणाऱ्यांना मी इतर सेवांत सवलत देते, या दोनांत देत नाही.